अठरा घरांची रोटी

पालिकेचा कागद घरात येऊन तीन दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्याचे तीन अर्थ निघाले होते.

सल्लाम म्हणत होता, भट्टी बंद करणार. त्याचा धाकटा भाऊ मफद्दल म्हणत होता, भट्टीचं झकास दुकान करून देणार. थोरली बहीण रहीमो, जिला घरात सगळे मानाने लल्ला म्हणायचे, मार्तिलला समुद्राकाठी राहायची. तिला तिथल्या शेजारणीने सांगितलं होतं की आता रोट्यांवर सरकारी शिक्के उठणार. आणि सल्लामची बायको तुरय्या म्हणत होती, काय असेल ते असो, सही करा आणि मोकळे व्हा. सल्लामला सगळ्यांत जास्त खुपलं ते हे शेवटचं. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने ताकाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय पिशवी घरात घेतली नव्हती, आणि आता ती न वाचता सही करा म्हणत होती.

भट्टीचा परवाना अजून बाच्याच नावावर होता. बा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या मयतीत भावाभावांचं जे वाजलं ते मिटायला त्यातली सहा गेली, पण परवाना बदलायला कुणी गेलं नाही. असलं भिजत घोंगडं प्रत्येक घरात एखादं असतंच. त्यामुळे आता तिघा भावंडांच्या सह्या हव्या होत्या, त्याही आज सूर्य मावळायच्या आत. नाहीतर महिनाअखेर जुन्या गावातल्या लाकडावर चालणाऱ्या सगळ्या भट्ट्यांना कुलूप लागणार होतं. बाकी कागद कुणाला कळो न कळो, एवढी ओळ सगळ्यांना कळली होती.

सल्लाम मात्र सकाळपासून त्या ओळीकडे पाठ करून भट्टीपुढच्या खड्ड्यात उभा होता. कमरेपर्यंत जमिनीत, तोंड आगीकडे, हातात लांब दांड्याची फळी. तो बाराव्या वर्षी या खड्ड्यात उतरला तो आता एकोणसाठाव्याला तिथेच होता. गल्लीतल्या अठरा घरांची कणीक त्याच्याकडे यायची, फळीवर मांडून, फडक्याने झाकून. आत एकदा रोट्या गेल्या की कोण कुठली याचा पत्ता आगीला नसतो, तो भाजणाऱ्याला असावा लागतो. खद्दूज काट्याने मध्ये चार टोचे मारते. बत्तूलच्या रोटीला कड जाड. मशिदीमागच्या शिंप्याकडे जवाचं पीठ. आणि तुरय्याच्या कणकेत बडीशेप, शिवाय वर बोटाने दाबलेला एक खड्डा. बा म्हणायचा, माणूस तोंड लपवेल पण रोटी लपवत नाही. सल्लामने हे बाकडून उचललं होतं आणि बाने त्याच्या बाकडून.

गेल्या हिवाळ्यापासून लाकूड तेवढं वाईट येत होतं. ओलं, धुरकट. भट्टीतलं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. सल्लामने लाकूडवाल्याला दोनदा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा लाकूडवाला बदलला, पण नवा त्याच्याहून चोर निघाला असावा, कारण धूर काही कमी होईना. काही बिघडलं नव्हतं म्हणा. सत्तेचाळीस वर्षांच्या हाताला डोळ्यांची काय गरज. आठ महिन्यांत एकही रोटी परत आली नव्हती. पूर्वी महिन्यातून एखादी बाई तरी नावाआधी मानाचं 'सी' लावून "सी सल्लाम, ही माझी नव्हे हं" करत यायची. आता तेही नाही. हात उलट जास्तच बसला होता.

दुपारची खेप वाटून झाल्यावर त्याने आपल्या घरची रोटी काखेत मारली आणि तो वर जेवायला गेला.

रहीमो आधीच येऊन बसली होती, मार्तिलहून बांगड्यासारखे मोठाले तारले घेऊन. दारातून आत येतानाच तिने सुरुवात केली होती म्हणे.

"रोटीवर शिक्का?" ती तुरय्यावर तोफ डागत होती. "कैदी आहेत का रोट्या? बाने ऐकलं असतं तर कबरीतून उठून आला असता. सल्लाम, मी तुझ्या बाजूने आहे, सांगून ठेवते. मी सही करायची नाही."

"ऐकलंस?" सल्लाम तुरय्याला म्हणाला. "शहाण्या माणसाला एका वाक्यात कळतं."

"हात धुवा," तुरय्या म्हणाली.

मफद्दल कोपऱ्यात गादीवर लोळून फोनवर नवीन भट्ट्यांची चित्रं पाहत होता. वीस वर्षं स्पेनमध्ये काढून तो तीन वर्षांपूर्वी परतला, आणि तेव्हापासून गावातली प्रत्येक गोष्ट त्याला कशात तरी बदलायची होती. "अझीझी, एकदा बघ तर," तो म्हणाला. मोठ्या भावाला अझीझी म्हणायची रीत त्याने स्पेनमध्येही सोडली नव्हती, तेवढं सोडून बाकी सगळी सोडली. "बाहेर चार टेबलं, आत काचेची भट्टी, पाहुणे लोक फोटो काढतायत. पालिका अर्धा खर्च देतेय. नशीब दार ठोठावतंय आणि तू आतून कडी लावतोयस."

"चार टेबलं ठेवल्यावर बायका फळ्या घेऊन कुठून येणार? डोक्यावरून उडत?"

"बायकांनी आता दुकानातून घ्यावा की पाव."

"हे बघ, हे असं आहे," सल्लाम रहीमोला म्हणाला. बहीण आपल्या बाजूने आहे हे पाहून त्याला बरं वाटत होतं. मफद्दल विरोधात आहे हेही ठीक होतं, तो जन्मापासून विरोधातच होता. जग जागच्या जागी होतं.

त्याने रोटी मोडली, सगळ्यांपुढे तुकडे टाकले, वांग्याच्या भरितात एक घास बुडवला आणि तोंडात टाकला. कवच कसं कुरकुरीत आणि आत कापूस. त्याला एकदम भरून आलं. भांडण, कागद, सगळं बाजूला राहिलं.

"तुरय्या," तो म्हणाला, "काही म्हण, तुझा हात तो तुझा हात. इतकी वर्षं खातोय, डोळे मिटून सांगेन, ही तुझी."

रहीमोने तुकडा तोंडात घातला होता. तिचा जबडा चालता चालता थांबला. "अगं, पण हिच्यात—"

"लल्ला, मासा बघून खा," तुरय्या पटकन म्हणाली. "काटा राहिलाय. घशात जाईल."

"मासा नाही गं, मी म्हणते, ही रो—"

"काटा, लल्ला."

सल्लामने वर पाहिलं. दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडे बघत होत्या. रहीमोने हातातला तुकडा उलटा केला, सुलटा केला, मग भावाकडे बघितलं, बराच वेळ. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सल्लामला नीट दिसलं नाही. मग ती खाली मान घालून मुकाट्याने जेवू लागली. रहीमो आणि मुकाट्याने.

"काय झालं?" सल्लामने विचारलं.

"कुठे काय," तुरय्या म्हणाली.

"रोटीचं काहीतरी म्हणत होती ती."

"छान झालीय म्हणत होते," रहीमो म्हणाली. आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता, जणू काही मासे महाग झालेत असं सांगावं तशा आवाजात पुढे म्हणाली, "सल्लाम, मला वाटतं आपण सही करून टाकू."

सल्लामचा घास हातात राहिला. "आत्ता तर तू बाला कबरीतून उठवत होतीस."

"आत्ता पोट रिकामं होतं."

"लल्ला, तुला कुणी काही सांगितलं का? हिने सांगितलं?"

"कुणी काही सांगितलं नाही. माणसाला मत बदलता येत नाही का? जुनं झालं सगळं, धूर धूर. तुझे डोळे बघ कसे लाल झालेत."

"माझ्या डोळ्यांचा इथे काय संबंध?"

तुरय्याने भरिताचं भांडं रहीमोकडे सरकवलं. मफद्दल तेवढा खूश होऊन उठून बसला. सल्लामला काही उमजेना. एका रोटीच्या अंतरात सख्खी बहीण फिरली होती, आणि का फिरली ते घरात आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे असं त्याला वाटून गेलं. मग वाटलं, छे, मफद्दललाही माहीत नाही. तेवढ्यावरच त्याला समाधान मानावं लागलं.

तीनच्या सुमारास पालिकेची बाई आली. बाई कसली, पोरच. इब्तिसाम नावाची, पाठीला पिशवी, बुटांवर चुना. 'हिरवी गल्ली' नावाचं पालिकेचं काम तिच्याकडे होतं आणि महिनाभर ती या जुन्या गावात जिने चढत-उतरत होती. तुरय्याने पुदिन्याचा चहा ठेवला. इब्तिसामने कागद उलगडून सरळ बोलीत सांगायला घेतला, तेव्हा कळलं की तिन्ही अर्थ चुकले होते.

"भट्टी बंद होत नाही, सी सल्लाम. तिची आग बदलते. लाकडाऐवजी जैतुनाच्या बियांचा चोथा जाळायचा, तेलाच्या घाण्यावर तो पडूनच असतो. जंगल वाचतं, धूर जातो. भट्टीची दुरुस्ती पालिका अर्ध्यात करून देते. त्या बदल्यात दोन अटी. एक, दहा वर्षं भट्टी गल्लीचीच राहील. घरोघरची कणीक भाजायची, शाळेला रोटी द्यायची. दुकान, हॉटेल काही करता येणार नाही."

"काय?" मफद्दल म्हणाला.

"दुसरी अट बिल्ल्यांची. प्रत्येक घराला नंबराचा पितळी बिल्ला, कणकेत टोचून द्यायचा, भाजून तसाच परत."

"दहा वर्षं टेबल नाही?" मफद्दल अजून पहिल्यावरच होता. "मग कशाला मरायला सही करायची? अझीझी, मी तुझ्या बाजूने आहे. आपल्या बाची भट्टी आहे ही. आपण नाही बदलायची."

सल्लामने त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आपल्या बाजूला येऊन बसला होता, आणि नेमका ज्या दिवशी बहीण पलीकडे गेली त्या दिवशी. आता आपण कुणाच्या बाजूला आहोत तेच त्याला कळेनासं झालं.

"मला चोथ्याचं काही नाही," तो अखेर इब्तिसामला म्हणाला. "चोथा जाळा, गवऱ्या जाळा. लाकूड तसंही ओलंच येतंय. पण बिल्ला? पोरी, मी अठरा घरांच्या रोट्या नुसत्या हाताने ओळखतो. माझ्या रोटीला खिळा ठोकायचा म्हणजे माझ्या तोंडावर सांगायचं, की सल्लाम, तुझं काम संपलं. आठ महिन्यांत एक तक्रार दाखव."

"तेच तर," इब्तिसाम म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. "मी अठराही घरी जाऊन आले. तक्रार आहे का विचारलं. नाही. कधी चुकीची रोटी मिळाली का? नाही. सगळ्यांनी नाहीच म्हटलं, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग विचारलं, बिल्ला हवा का? तर अठराच्या अठरा घरांना हवा." तिने वही मिटली. "मला तर यातलं काही समजलं नाही. तक्रार एकाचीही नाही आणि बिल्ला सगळ्यांना हवा. तुम्हीच सांगा, हे कसं?"

सल्लाम मनात एकेक घर मोजू लागला. खद्दूजला हवा? तिच्या पहिल्या बाळंतपणापासून तो तिची रोटी भाजत होता. बत्तूलला?

"लोकांना नवलाई आवडते," तुरय्या म्हणाली, आणि ओतता ओतता पहिल्यांदाच तिचा चहा पेल्याबाहेर सांडला.

"चला खाली," सल्लाम ताडकन उठून म्हणाला. "संध्याकाळची खेप काढायची वेळ झाली. पोरी, तूही चल. डोळ्यांनी बघ आणि मग तुझ्या वहीत लिही. एक रोटी चुकली तर सही करतो. नाही चुकली तर बिल्ले पालिकेच्या दाराला ठोक."

"अहो, कशाला—" तुरय्या म्हणाली.

"चल म्हणतो ना."

पण तुरय्या आली नाही. तिला सार्वजनिक नळावरून पाणी आणायचं होतं. घरात नळ असताना गेले कित्येक महिने रोज याच वेळी तिला त्या गल्लीच्या वळणावरच्या नळाचं पाणी लागायचं. सल्लाम त्यावरून तिला चिडवायचा, की तिथे पाणी कमी आणि बातम्या जास्त येतात.

खाली फळ्या भिंतीशी रांगेत लागल्या होत्या. सल्लाम खड्ड्यात उतरला. इब्तिसाम दाराशी, रहीमो बाकावर, मफद्दल चौकटीला टेकून. त्याने एकेक रोटी ओढली, तळव्यावर झेलली, उलटवली, अंगठा फिरवला आणि न थांबता तिच्या तिच्या फळीवर ठेवत गेला. चार टोचे, खद्दूज. जाड कड, बत्तूल. हात कुठे अडला नाही. बायका आल्या. त्याने एकेकीला फळी दिली, एकेकीने फडकं वर करून आत बघितलं, "अल्लाह तुमच्या आईबापांवर दया करो" म्हणाली आणि गेली. अठरा फळ्या, अठरा दुवा. तुरय्या नळावर, म्हणून तिची फळी बत्तूलने आपल्याबरोबर नेली. एकही बाई अडखळली नाही.

"लिही," सल्लाम घाम पुसत म्हणाला.

इब्तिसाम लिहू लागली. मफद्दलने टाळी वाजवली. रहीमोने मात्र रुमाल डोळ्यांना लावला, आणि ती का रडते हे विचारायला सल्लाम वळणार तोच त्याच्या हाताला बाकावर एक फडकं लागलं. खद्दूज विसरून गेली होती. उघडी रोटी थंड होऊन चामडं होते, म्हणून तो तसाच फडकं घेऊन तिच्या मागे निघाला.

वळणाच्या अलीकडेच त्याला आवाज ऐकू आले.

"माझ्याकडे आज बत्तूलची आलीय. माझी कुणाकडे?"

"जवाची माझ्याकडे, घे. शिंपीणबाई कुठाय?"

"हळू बोला गं. पालिकेवाली मागून यायची."

तो भिंतीला धरून उभा राहिला. नळाच्या दगडी कठड्यावर फळ्या मांडल्या होत्या आणि बायका रोट्यांची अदलाबदल करत होत्या, भरभर, सवयीच्या हातांनी, कुणी न सांगता आपापल्या जागी उभ्या राहून. रोजचं काम असल्यासारखं. त्याला त्या पांढुरक्या दिसत होत्या, दुधात बुडवलेल्या. इथे तर धूर नव्हता.

"आज किती चुकल्या?"

"अकरा." हा तुरय्याचा आवाज. "काल नऊ होत्या."

"आणि दुपारी माझी तू नेलीस," खद्दूज म्हणाली. "तुझी मी खाल्ली बाई, माझी शोधून सापडेना. बडीशेप छान लागते."

"मी नाही नेली. त्यांनीच आणली." तुरय्याने एक रोटी शेजारच्या फळीवर सरकवली. "पोटभर जेवले. माझ्या हाताची तारीफ करून."

एकदोघी हसल्या. मग हसणं आपोआप बंद झालं.

"एकदा बिल्ले आले की सुटशील तू," बत्तूल म्हणाली. "आठ महिने झाले, रोज पळत येतेस."

"मला पळण्याचं काही नाही," तुरय्या म्हणाली. "त्यांना कळलं तर ते खड्ड्यात उतरायचेच नाहीत. तेवढं नको."

सल्लाम पाऊल न वाजवता मागे फिरला. फडकं हातातच राहिलं. त्याला राग आला होता, कुणाचा ते ठरवता येईना. लाजही वाटत होती. अठरा घरांनी मिळून आपल्याला फसवलं, रोज, दुवा देत देत, आणि त्यातल्या एकीनेही रोटी परत आणून आपल्याला लाजवलं नाही. याला अपमान म्हणायचं की काय म्हणायचं, त्याला शब्द सापडला नाही. चार पावलं चालून तो थांबायचा, परत चालायचा. शेवटी तो भट्टीत आला तेव्हा इब्तिसाम वही पिशवीत घालत होती.

"कागद दे," तो म्हणाला.

"पण सी सल्लाम, तुम्ही जिंकलात."

"दे म्हणतो ना. आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेव."

तिने बोट ठेवलं. त्याने सही केली. रहीमोने काही न विचारता खाली आपली केली.

"अझीझी, हे काय चाललंय?" मफद्दल कावराबावरा झाला. "एक फिरते, मग दुसरा फिरतो. मी आत्ताच तर तुझ्या बाजूला आलो होतो."

"मग तिथेच राहा," सल्लाम म्हणाला. "सही कर."

मफद्दलने तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, आणि काही न समजता सही केली. सूर्य अजून मावळला नव्हता.

सगळे वर गेल्यावर तुरय्या आली. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेली रोटी. खद्दूजचं फडकं सल्लामच्या मांडीवर होतं. ते तिला दिसलं आणि ती दारातच उभी राहिली.

"आण इकडे," तो म्हणाला.

तिने रोटी दिली. त्याने ती नाकाशी धरली. मग अंगठ्याने वरचा खड्डा चाचपला, बोटाने दाबलेला.

"ही तुझी," तो म्हणाला.

"हो."

"दुपारची नव्हती."

तुरय्याने कळशी खाली ठेवली. "नव्हती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने खात होतात," ती म्हणाली.